भेटीच्या वहीतली दहावी ओळ

४ सप्टेंबर

धाकट्या,

वर काय लिहावं यापायी दोन कागद फाडले. नमस्कार लिहावा तर तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आशीर्वाद लिहावा तर तो तू घेशील याची खात्री नाही. म्हणून नुसतंच धाकट्या. पंचेचाळिशीच्या माणसाला असं म्हणू नये, पण तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची सवयच नाही मला.

आठ वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, मीही तुला लिहिली नाही. तुझ्या न लिहिण्याला कारण आहे. माझ्या न लिहिण्याला नुसता ताठा.

आज लिहायचं कारण माझ्या वर्गात मागून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसलंय. पहिल्या वर्षाचा पहिला तास होता. बाकीची मुलं वर्गात शिरली की आधी फळ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. ही मुलगी आत आली आणि मान वर करून छताच्या तुळयांकडे बघत राहिली. मागचा मुलगा तिच्यावर आदळला तेव्हा कुठे बसली. असं वर बघत खोलीत शिरणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली आहेत, एक ही आणि एक तू. हनुवटी पाहिली आणि खात्रीच पटली. शेवटची पाहिली तेव्हा दहा वर्षांची होती, तुझ्या कामावर लाकडाचा भुसा ओंजळीने वाहून न्यायची. तू तिला मुंगी म्हणायचास.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. मला वाटलं, आता आत्या म्हणेल. म्हणाली, "मॅडम, पुस्तकांची यादी कुठे मिळेल?" यात चुकलं काहीच नाही, वर्गात मी मॅडमच. यादी दिली. ती गेल्यावर मी फळा पुसत बसले, जो आधीच पुसलेला होता.

विभागप्रमुखांना त्याच दिवशी सांगून टाकलं की ही माझी भाची आहे, हिच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे नकोत. तेव्हा तुझी पोर माझ्या वशिल्याने पास झाली असं उद्या कुणी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

आणि हो, जिना. तू केलेला जिना अजून एकदाही करकरलेला नाही. घरी कुणीही आलं की पहिल्यांदा कठड्यावरून हात फिरवतं. हे तुला आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. जिना पुरा झाला त्या दिवशी मी पाहुण्यांना जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हा माझा भाऊ. शिकला असता तर आज इंजिनीअर असता, पण अभ्यासाचा कंटाळा." तू तेव्हा चार पावलांवर कठडा पुसत होतास. फडकं खिशात घातलंस आणि निघून गेलास. तुझा मोजायचा टेप इथेच राहिला.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. वाच एवढंच.

तुझी,
ताई


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. चुलीत घातलंस की नाही ते माहीत नाही. म्हणून आणखी एक पाठवते.

आजचं सांगते आणि थोडी फुशारकीही मारते. विभागाने मला गेल्या वर्षी एक काम गळ्यात घातलं होतं: दहा वर्षांचे निकाल काढा आणि मुलं कुठे गळतात ते सांगा. प्रवेशाच्या अर्जात 'मूळ समाज' असा रकाना असतो ना, ज्यात आपण दरवेळी मुकाट्याने खूण करतो, तो रकाना आजवर कुणी निकालाशेजारी ठेवून पाहिलाच नव्हता. मी ठेवला. प्रवेशाच्या वेळी आपल्या मुलांचे गुण इतरांइतकेच असतात. एक गुण इकडे नाही की तिकडे नाही. तीन वर्षांनी बाहेर पडताना इतरांतली शंभरातली एकाहत्तर मुलं पहिल्या वर्गात असतात आणि आपली एकोणपन्नास. बरोबरीने आत येतात आणि मागे राहून बाहेर पडतात. मी चार वेळा बेरीज केली. मला ती चुकायला हवी होती.

बैठकीत हे मांडलं. विभागप्रमुख चांगला माणूस आहे, पण चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "त्यांच्या घरी अभ्यासाचं वातावरण नसतं हो. आपण तरी काय करणार?"

माझं तोंड तुला माहीत आहे. म्हटलं, "सर, माझ्या घरचं वातावरण सांगू? दोन खोल्या, पाच माणसं आणि एक टेबल. त्या टेबलावर आईचं शिवणयंत्र. तिचं शिवून झालं की आमचा अभ्यास."

तो म्हणाला, "पण तुम्ही अपवाद आहात."

धाकट्या, हा अपवाद शब्द मी इतकी वर्षं छातीवर लावून मिरवला. आपल्यातली या विभागात शिकवणारी पहिली बाई. नानांनी माझ्या नेमणुकीचं पत्र चौकटीत बसवलं होतं. आज पहिल्यांदा तो शब्द टोचला. कारण खरं सांगायचं तर गेली वीस वर्षं मीही विभागप्रमुखासारखंच बोलत आले. जो मेहनत करतो तो पास होतो, मी झाले की नाही? तुझ्याबद्दलही हेच बोलले.

बैठकीनंतर मी तुळईवाले सरांकडे गेले. तुळया कशा वाकतात आणि कधी मोडतात हे तुम्हाला शिकवायचे, तेच. ऐंशी वर्षांचे झालेत, ऐकू कमी येतं, पण कागदाचा एक चिटोरा टाकलेला नाही. त्यांच्या कपाटात एक निळी वही मिळाली. वर लिहिलंय, भेटीची वही. पहिल्या चाचणीत जो कुणी घसरला त्याला सर चिठ्ठी पाठवायचे, "मला भेटा." वहीत त्याचं नाव, आणि पुढच्या रकान्यात तो भेटायला आला ती तारीख.

तुझ्या वर्षाचं पान उघडलं. अकरा नावं. नऊ जणांपुढे तारखा आहेत. त्या नऊही जणांना सरांनी समोर बसवून चुका दाखवल्या आणि पेपर पुन्हा लिहायला दिला. नऊच्या नऊ पास. हा नियम कुठेही छापलेला नव्हता. जो आला त्याला कळला.

दोन जणांपुढचा रकाना कोरा आहे. दोघंही आपल्यातले. दहावी ओळ तुझी आहे.

मी सरांना विचारलं, "तुम्ही त्याला पुन्हा का नाही बोलावलंत?"

"बोलावलं तर होतं गं. दार उघडंच असायचं माझं." मग कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "मला वाटलं, पोरगा गर्विष्ठ आहे. त्याला माझी गरज वाटत नसेल."

आपल्या घरी मास्तरांनी खोलीत बोलावलं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार? आपल्याकडे बोलावणं यायचं ते काहीतरी फोडलं, मोडलं तरच. बाकीच्या मुलांच्या घरी वडील सांगत होते, जा, विचार, भांड. आपल्या घरी नाना सांगत होते, मान खाली घालायची वेळ आणू नका.

तू फार हुशार होतास आणि तुझ्यावर अन्याय झाला, असं मी म्हणत नाही. तुझा पेपरही मी पाहिला, सरांनी तोही ठेवलाय. बेचाळीस गुण. त्या नऊ जणांचे पस्तीस ते पंचेचाळीस. तू त्यांच्याइतकाच होतास. तेवढंच पुरेसं होतं.

तू भेटायला गेला नाहीस, म्हणून तुझं शिक्षण राहिलं.

ताई


२ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र मी टपालाने नाही, माणसाच्या हाती पाठवते आहे. मिळाल्याबरोबर वाच. मला शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाल, आधी वाच.

मुंगीने विद्यापीठ सोडण्याचा अर्ज नेलाय. शुक्रवारी, आठ तारखेला, भरून द्यायचा आहे. पहिल्या चाचणीचा निकाल लागला. तिचे गुण तुला सांगायला मला मनाई आहे, म्हणून सांगत नाही. ती अर्ज घेऊन गेली यावरून काय ते समज.

काल मी वर्गात भेटीची यादी लावली. यंदा आम्ही पद्धतच बदलली आहे. चिठ्ठी नाही, उघडं दार नाही. वर्गातल्या प्रत्येकाला दहा मिनिटांची भेट नेमून दिलेली, हजेरीच्या क्रमाने. पहिला आलेलाही येणार आणि शेवटचाही. तुझ्या पोरीची वेळ बुधवार, सहा तारीख, सव्वाअकरा. तिने यादी वाचली आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मी येणार नाही. मी घरी जाते आहे. बाबा म्हणाले, जिथे आपण नकोसे आहोत तिथे हात पसरत उभं राहायचं नाही."

हे वाक्य तुझं नाही, धाकट्या. माझं आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू गेला नाहीस. अर्धंच लिहिलं. ती चिठ्ठी तू मला आणून दाखवली होतीस. मी शेवटच्या वर्षाला होते, टेबलाची माझी पाळी होती. तू शिवणयंत्रापाशी उभा राहून विचारलंस, "ताई, जाऊ का? काय म्हणतील?" तुला जायचं होतं. मी वहीतून डोकंही वर केलं नाही. म्हटलं, "जाऊन काय त्यांचे पाय धरणार? आपण कुणापुढे हात पसरत नाही. जमत नसेल तर सोड, पण माझ्या विभागात माझं नाव घालवू नकोस."

माझं नाव. बाविशीची होते मी, वर्गात पहिली यायचे, आणि मला भीती होती की भाऊ भेटीला गेला की सगळे म्हणतील, बघा, शेवटी तसलेच निघाले.

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. नाना जाईपर्यंत म्हणत राहिले की पोरगा आळशी निघाला, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत ते ऐकत राहिले. तू एकदाही माझं नाव सांगितलं नाहीस. मला फार लाज वाटते.

तुझ्याकडे क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. ती दे की देऊ नकोस, तो तुझा प्रश्न. मला फक्त एवढं हवंय की बुधवारी सव्वाअकराला ती पोर त्या खुर्चीवर बसलेली असावी. ती माझ्या सांगण्याने येणार नाही, मी तिला मॅडम आहे. ती तुझ्या एका शब्दावर येईल. भेटायला जाणं म्हणजे हात पसरणं नव्हे, एवढं तिला सांग. मला ते कळायला सव्वीस वर्षं लागली आणि त्यात तू हातचा गेलास. तिला कळायला चार दिवस आहेत.

ताई


६ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

आली.

अकरा दहाला आली आणि पाच मिनिटं बाहेर उभी राहिली. दाराच्या फटीतून तिचे बूट दिसत होते. मी मुद्दाम हाक मारली नाही. सव्वाअकराला दार वाजलं.

तिला बस म्हटलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, मग काहीतरी आठवल्यासारखं करून मागे सरकली आणि पाठ टेकवून बसली. मी विचारलं, "काय झालं?"

"बाबा म्हणाले, जा. आणि खुर्चीवर नीट बस, कडेला नको."

मी पुढची दोन मिनिटं खणात डोकं घातलं. कागद शोधत असल्याचं नाटक केलं. यातलं तू काय समजायचं ते समज.

मग तिचा पेपर पुढे घेतला. दुसऱ्यांनी तपासलेला आहे, मी फक्त दाखवायला. धाकट्या, त्या पोरीची पाचपैकी चार उत्तरं अचूक आहेत. आणि प्रत्येकाशेजारी लाल शाईत एकच शेरा, "कसं काढलंत?" तिने पायऱ्या लिहिलेल्याच नाहीत. तुळईवर किती भार, ती किती वाकेल, थेट आकडा. गुण पायऱ्यांना असतात, आकड्याला एकच.

म्हटलं, "हे सगळं तू मनात केलंस?"

"नाही मॅडम, मागच्या कोऱ्या कागदावर केलं. तो फाडून टाकला."

"का?"

ती इतकी गोंधळली की मलाच वाईट वाटलं. म्हणाली, "तपासणाऱ्या सरांना हे सगळं येतंच ना? ज्यांना येतं त्यांनाच पहिल्यापासून समजावून सांगायचं, हा आगाऊपणा नाही का?"

अगदी आपल्या घरची पोर. नाना कामावर दोराची गाठ मारताना त्यांना कुणी गाठ शिकवली असती तर कानफटात बसली असती. आणि मी वीस वर्षं असे पेपर तपासले. शेजारी लिहीत आले, "समज अपुरी." समज अपुरी होती ती माझी.

मी तिला म्हटलं, "यापुढे असं धरून लिही की वाचणाऱ्याला काही म्हणजे काही येत नाही. बाबांना समजावते आहेस असं समज."

"बाबांना तर माझ्याहून जास्त येतं."

"बरं, मग आमच्या विभागप्रमुखांना समजावते आहेस असं समज. ते ढ आहेत असं धर."

ती हसली. तुझ्यासारखीच हसते, आधी नाकाने. दहाची पंचवीस मिनिटं झाली आणि बाहेरचा मुलगा दार वाजवून गेला. जाताना तिने पिशवीतून तो अर्ज काढला, अजून कोरा होता. माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाली, "याच्या मागे कच्चं काम करता येईल ना?" मी होय म्हटलं. अर्ज घेऊन गेली.

तू काय शब्दांत सांगितलंस ते मी तिला विचारलं नाही. पण सांगितलंस. तू मला पाय धरायला लावू शकला असतास आणि लावलं नाहीस.

ताई


१९ जून

धाकट्या,

आज मला कुणी आवरू नये. आज मी मनसोक्त बढाई मारणार आहे.

वर्षाचा निकाल लागला. मुंगीने सांगायची परवानगी दिली आहे, म्हणून सांगते: पहिल्या वर्गात पास, वर्गात सातवी. पहिली नाही. पहिली आली असती तर पुन्हा अपवाद म्हणाले असते. सातवी म्हणजे अपवाद नाही. आणि ती एकटी नाही. यंदा तिसरं वर्ष संपवून बाहेर पडलेल्या आपल्या मुलांपैकी शंभरातली चौसष्ट पहिल्या वर्गात, इतरांतली बहात्तर. अजून आठांचं अंतर आहे. पण बावीसवरून आठवर एका वर्षात आलं, आणि इतर मुलांचं एक केसभरही नुकसान झालं नाही, उलट एकाने वाढली. परीक्षा सोपी केलेली नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. पायऱ्यांना किती गुण ते प्रश्नाखालीच छापलेलं. आणि यादीतली भेट, तिन्ही वर्षांतल्या सगळ्यांना. एवढंच केलं. विभागप्रमुखांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाले, "म्हणजे वातावरण इथलंच खराब होतं म्हणायचं." मी म्हणाले नाही की मी सांगत होते. खरं तर म्हणाले. एकदाच.

आता दुसरी गोष्ट. शेवटच्या प्रकल्पात मुलांना एक खरं बांधकाम मोजायचं होतं. एका रविवारी सकाळी मुंगी माझ्या दारात उभी. "मॅडम, मला तुमचा जिना मोजायचा आहे." मी खणातून तुझा टेप काढून दिला. तिने ओळखला. पायरीन् पायरी मोजली, खाली आडवी होऊन सांधे पाहिले, वहीत सगळं लिहिलं, एकही टप्पा न गाळता. मग वरच्या पायरीवर बसून ओरडली, "आत्या, बाबांनी यात एक खिळा मारलेला नाही!" आत्या म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

तो प्रकल्प तपासायला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी तिला विचारलं, हा भार कोणत्या इंजिनीअरने काढला होता? ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाबांनी. ते जिने करतात." मी मागच्या बाकावर बसले होते. तज्ज्ञ म्हणाले, हिशोब अचूक आहे. धाकट्या, माझ्या नेमणुकीचं पत्र चौकटीत लागलं तेव्हा मला जो अभिमान वाटला होता तो याच्यापुढे काहीच नव्हता. आठ वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर जे वाक्य म्हणायला हवं होतं ते तुझ्या पोरीने माझ्या विभागात, सगळ्यांसमोर म्हटलं.

निळी वही आता माझ्याकडे आहे. तुळईवाले सरांनी स्वतः आणून दिली. अकराव्या ओळीवर आपल्यातल्याच एका मुलीचं नाव आहे. ती कुठे असते ते शोधायचं काम मी हाती घेतलंय, सापडेल. दहाव्या ओळीवरचा माणूस कुठे असतो ते मला माहीत आहे.

म्हणून हे विभागाच्या कागदावर, रीतसर लिहिते. तुझी वेळ बुधवार, पंचवीस जून, सव्वाअकरा. सर येणार आहेत, मुंगीही असेल. तुझा पेपर टेबलावर असेल आणि कोरे कागदही. लिहायचा की नाही ते तू ठरव. नाही लिहिलास तरी चालेल, जिन्याचे गुण मी आधीच धरले आहेत.

दाराबाहेर थांबू नकोस. थांबलास तर तुझे बूट फटीतून दिसतील, आणि या वेळी मी हाक मारीन.

त्या रकान्यात तारीख मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. शाईने तू आल्यावर लिहीन.

तुझी,
ताई